चांगल्या फिरकी गोलंदाजालाही काउंटी संघात (इंग्लंडमधल्या परगण्यांच्या व्यावसायिक संघात) जागा मिळायला इतका वेळ का लागतो? सुरुवातीची वर्षं कशी जातात?

कारण आधीचा माणूस हलत नाही. काउंटीच्या अकरा जणांत तीन-चार वेगवान गोलंदाज सहज मावतात, फिरकीवाला बहुतेक वेळा एकच. ती जागा मठाच्या गादीसारखी असते. आधीचा उठल्याशिवाय पुढच्याला बसता येत नाही, मग तो कितीही तयारीचा असो.

उदाहरण द्यायचं, तर मी इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सचं देईन. जुनं आहे, पण इतकं स्वच्छ दुसरं मला माहीत नाही.

ऱ्होड्स १८७७चा, यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डजवळच्या कर्कहीटन गावचा. पोरवयात मर्फील्डच्या रेल्वे इंजिन शेडमध्ये कामाला होता. शनिवारी मॅचला वेळेवर पोचावं म्हणून त्याने सुटीची घंटा स्वतःच वेळेआधी वाजवली आणि नोकरी घालवली, असं सांगतात. पुढे १८९६ आणि १८९७ असे दोन हंगाम तो स्कॉटलंडमध्ये गॅलाशील्सच्या क्लबकडे पगारी खेळाडू म्हणून राहिला. यॉर्कशरच्या पोराने क्रिकेटसाठी स्कॉटलंड गाठायचं, यावरून काय ते समजा.

तोवर तो मध्यमगती टाकायचा. या दोन हंगामांमधल्या हिवाळ्यात त्याने लाकडं ठेवायच्या शेडमध्ये एकट्याने संथ डावखुऱ्या फिरकीचा सराव केला. चेंडूची एक बाजू रंगवायचा, म्हणजे हातातून सुटल्यावर तो किती फिरतोय ते डोळ्यांना दिसतं. कोच नाही, कॅमेरा नाही. आजच्या अकादमीतल्या मुलांना हे सांगितलं तर हसतील, पण मला त्याच्या सगळ्या आकड्यांपेक्षा ती रंगवलेली बाजू जास्त महत्त्वाची वाटते. चेंडू किती वळतो हे बाकीचे बॅट्समनच्या चेहऱ्यावरून ताडायचे, हा थेट चेंडूकडेच बघत होता.

एवढं करूनही दार बंदच. वॉरिकशर काउंटीकडे विचारणा झाली, त्यांनी पैशांची अडचण पुढे केली. घरच्या यॉर्कशरमध्ये गादीवर बॉबी पील बसलेला, इंग्लंडकडून खेळलेला, डावखुरा फिरकीवालाच. ऑगस्ट १८९७मध्ये शेफील्डला पील दारू पिऊन मैदानात उतरला आणि कर्णधार लॉर्ड हॉकने त्याला बाहेर काढलं. (या प्रसंगाला लोकांनी भरपूर मीठमसाला लावलाय, तो सोडून द्या.) पीलचं यॉर्कशरशी नातं तिथे तुटलं. गंमत म्हणजे पीलच्या आधीचा टेड पीट, तोही डावखुरा फिरकीवालाच, यॉर्कशरमधून असाच बेशिस्तीपायी गेला होता.

१८९८च्या मे महिन्यात विशीतला ऱ्होड्स यॉर्कशरकडून लॉर्ड्सवर एमसीसी या लंडनच्या क्लबविरुद्ध पहिला सामना खेळला. लगेच पुढे बाथला सॉमरसेटविरुद्ध दोन डावांत ७/२४ (२४ धावांत ७ विकेट्स) आणि ६/२१. हंगाम संपला तेव्हा १५४ विकेट्स, सरासरी १४.६०, आणि यॉर्कशर चॅम्पियन. पुढच्या वर्षी कसोटी पदार्पण. १९०० साली एका हंगामात २६१ विकेट्स! हा आकडा मी दरवेळी पुन्हा वाचतो. मग गादी सोडली ती थेट १९३०मध्ये, आणि त्याच वर्षी यॉर्कशरकडून हेडली व्हेरिटी, तोही डावखुरा फिरकीवालाच, सुरू झाला. म्हणजे त्या तीस-बत्तीस वर्षांत यॉर्कशरच्या गल्लोगल्ली जे डावखुरे फिरकीवाले जन्मले असतील, त्यांचं काय झालं असेल ते बघा.

तेव्हाच्या पगारी खेळाडूला हौशी साहेबांपेक्षा वेगळी ड्रेसिंग रूम, मैदानात उतरायला वेगळं दार. आपल्याकडे त्याच सुमारास पुण्यात दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू हाच डावखुरा मारा करत होते. त्यांच्या हातचा चेंडू पुण्याच्या हिंदू क्लबला चालायचा, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात. ऱ्होड्सची अडचण पील गेल्यावर मिटली. बाळूंची अशी कुणी एक माणूस गेल्याने मिटणारी नव्हती, तरी भारतीय संघाच्या १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त विकेट्स काढल्या.

आता आजचं विचाराल, तर फार फरक नाही. उलट काउंटी चॅम्पियनशिपचे बरेच सामने एप्रिल-मे आणि सप्टेंबरच्या गारठ्यात होतात, तेव्हा खेळपट्ट्या ओलसर असतात आणि फिरकीवाल्याच्या वाट्याला षटकंच कमी येतात. इंग्लंडचा ऑफस्पिनर शोएब बशीर बघा. फेब्रुवारी २०२४मध्ये विशाखापट्टणमला कसोटी पदार्पण केलं तेव्हा त्याचे प्रथम श्रेणीचे सामने जेमतेम सहा झाले होते. भारतातून परतला तर त्याच्या सॉमरसेट काउंटीत फिरकीवाला जॅक लीच गादीवर. मग इंग्लंडच्या या कसोटी गोलंदाजाला त्याच हंगामात वूस्टरशरला उसना पाठवावं लागलं. वूस्टरशरकडून खेळताना लंडनच्या ओव्हलवर सरेच्या डॅन लॉरेन्सने त्याच्या एका षटकात ३८ धावा चोपल्या. पुढच्याच महिन्यात ट्रेंट ब्रिजवर वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने दुसऱ्या डावात ५/४१ घेतले. सॉमरसेटची पहिली पसंती तरीही लीचच होता.