लेपर्ड गेकोच्या (घरात पाळतात ती ठिपकेदार पाल) टाकीत तळाला काय घालावं? दुकानातून कॅल्शियमची वाळू दिली आहे, ती चालेल का?

पिशवी फोडली नसेल तर परत करून टाका. फोडली असेल तर तेवढे पैसे गेले म्हणा, पण ती वाळू टाकीत घालू नका.

तुम्ही लिहिलंय की लेक नऊ वर्षांची आहे, गेको चार महिन्यांचा, टाकी तीन फुटी, आणि तुम्ही मँचेस्टरजवळ राहता. दुकानदार म्हणाला की ही वाळू पोटात गेली तरी विरघळते, वर कॅल्शियमही मिळतं. अकरा वर्षांपूर्वी इथे इंग्लंडातच मला अगदी हेच ऐकवलं होतं आणि मी मान डोलावून दोन पिशव्या घेऊन आलो होतो. निळ्या रंगाच्या! आमच्या मुलाला समुद्र हवा होता.

कॅल्शियमची वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, थोडक्यात खडू. आपल्याकडे पित्त झालं की लोक चघळतात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांमध्येही हेच असतं. गेकोला खायला देतो त्या किड्यांवर आपण जी पांढरी पावडर भुरभुरवतो तीही बहुतेक हीच, त्यामुळे चिमूटभर पोटात गेल्याने काही बिघडत नाही. पण बोटाएवढ्या जनावराने ती घासाघासाने खाल्ली तर पोटातलं आम्ल मारलं जातं, पचन मंदावतं आणि ओली झालेली वाळू आत गोळा होऊन बसते. आता खरी गोम ऐका. गेको जीभ लावून जग ओळखतो, दिसेल ते चाटून बघतो. त्यातून ज्याच्या अंगात कॅल्शियम कमी आहे तो तर ही वाळू मुद्दाम खातो. म्हणजे ज्याचा जीव आधीच नाजूक, त्याच्याच पोटात ती सगळ्यात जास्त जाते.

आमच्या गेकोचं, मुरंब्याचं (नाव मुलाने ठेवलंय, मला विचारू नका) हेच झालं. आठ-नऊ दिवस शी नाही, पोट फुगलेलं, मागचे पाय ओढत चालणं. एक्स-रेमध्ये पोटात पांढरा गठ्ठा स्पष्ट दिसत होता. डॉक्टरीणबाईंनी मात्र वाळूबद्दल नंतर विचारलं, पहिला प्रश्न होता, "तळाचं तापमान किती आहे?" मी अभिमानाने काचेवर चिकटवलेल्या गोल थर्मामीटरचा आकडा सांगितला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. तो थर्मामीटर काचेजवळची हवा मोजत होता. घरी येऊन टाकीच्या तळावर प्रोब (वायरच्या टोकाला मोजणारा भाग असलेला थर्मामीटर) ठेवला तर उबदार कोपऱ्यात जेमतेम २५ अंश सेल्सिअस. गेकोला अन्न पचवायला पोटाखाली ३२-३३ लागतं. तेवढी ऊब नसेल तर वाळूच काय, साधी मीलवर्म अळीही आत तशीच पडून राहते.

म्हणून माझं मत असं झालंय की आतडं तुंबण्याचं सगळं खापर तळावर फोडणं बरोबर नाही. ऊब, पाणी आणि कॅल्शियम नीट असलेला धडधाकट गेको मातीचा कण गिळतो आणि शीतून टाकून देतो. या तिन्हीत कुठेतरी कमी असेल तर वाईट तळ त्याला पुरता आडवा करतो. तुमचा पिल्लू आहे आणि नव्या घरात आलेला आहे, त्यामुळे सध्या जोखीम नकोच.

मग आत्ता काय? किचन टॉवेल. होय, साधा पांढरा कागदी टॉवेल, निदान दोन-तीन महिने. लेक नाक मुरडेल, पण तिला कारण सांगा. पांढऱ्या कागदावर शी केली की नाही, पातळ आहे का, त्यात न पचलेला किडा आहे का, हे एका नजरेत कळतं. दुकानातून आलेल्या गेकोंमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी कधीकधी असतो. त्याने खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि चरबी साठवायची जाडजूड शेपटी वाळून काडीसारखी होते. तो नेहमीच्या ब्लीचलाही दाद देत नाही. माती घातल्यावर हे लक्षात आलं तर माती, लाकडं, सगळं फेकायला लागतं. कागद मात्र चुरगळून कचऱ्यात. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा, नऊ वर्षांच्या मुलीला हे काम फार आवडतं. शीचा नमुना एकदा पशुवैद्याकडून तपासून घ्या.

ही मुदत सुखरूप पार पडली की दोन चांगले रस्ते आहेत.

पहिला फरशीचा. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळणारी खरखरीत स्लेट किंवा बिनचकाकीची टाइल मापाने कापून घ्या. गुळगुळीत नको, पाय घसरतात. सांधे घट्ट बसवा, नाहीतर खाली क्रिकेट, म्हणजे खायला सोडलेले रातकिडे, दडून बसतात आणि रात्रभर किरकिरतात. फरशी ऊब धरून ठेवते, नखं आपोआप झिजतात, पुसली की स्वच्छ. मी पाच वर्षं यावरच काढली आणि कसलीही तक्रार नव्हती.

दुसरा रस्ता मातीचा, आणि मला विचाराल तर तोच त्याच्या स्वभावाला धरून आहे. वाळवंटी प्राणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातले वाळूचे डोंगर येतात. लेपर्ड गेको अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ, झुडपी मुलखातला. पायाखाली घट्ट माती, खडे, मधूनमधून वाळू, आणि दिवसा दडायला दगडाखालची फट. आपल्या घरातल्या पालीसारख्या चिकट गाद्या त्याच्या बोटांना नसतात, म्हणून काच चढता येत नाही, पण नखांनी माती उकरतो छान. त्याचाच एक भाऊबंद पश्चिम भारतात, आपल्या महाराष्ट्रातही आढळतो. माळावरचा मुरूम आठवतोय? बस, तसाच तळ त्याला हवा.

करायचा कसा ते सांगतो. टाकी ९० बाय ४५ सेंटिमीटर धरली आणि ८ सेंटिमीटरचा थर धरला तर ३२ लिटर होतात. चोपल्यावर माती बसते, म्हणून ४० लिटर घ्या: साधारण २७ लिटर टॉपसॉइल, म्हणजे बागेसाठी पिशवीत मिळणारी वरच्या थराची माती, आणि १३ लिटर धुतलेली प्ले सँड, म्हणजे मुलांच्या खेळाची वाळू. टॉपसॉइलच्या पिशवीवर खत घातलेलं नाही ना, हे डोळ्यात तेल घालून वाचा. त्यात पांढरे हलके दाणे दिसले तर ते परलाइट, ती पिशवी नको. दोन्ही एकत्र करून मूठ वळेल इतकंच पाणी शिंपडा, टाकीत पसरा आणि चोपा. गावाकडे सारवायच्या आधी जमीन चोपायचे ना, अगदी तसं. मी वीट वापरली, शेजाऱ्यांनी भिंतीवर टकटक केलं. जड दगड आधी थेट काचेवर बसवा आणि मग भोवती माती भरा, नाहीतर गेको खालून उकरतो आणि दगड अंगावर येतो. पूर्ण वाळायला आठवड्याहून जास्त लागतो, तोवर त्याला आत सोडू नका.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. टाकीखाली हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) असेल आणि वर आठ सेंटिमीटर माती, तर ऊब वर पोचत नाही, खालीच कोंडते. मातीचा तळ करायचा तर ऊब वरून, दिव्याने द्या. मॅट असो वा दिवा, ऊब ठरावीक अंशावर रोखणारा थर्मोस्टॅट पाहिजेच.

बाकी दुकानात जे काय दिसेल त्याबद्दल थोडक्यात. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा धारदार असतो, नको. मक्याच्या कणसाचा चुरा फुगतो आणि बुरसतो, नको. सीडरचा भुसा तर कुठल्याच सरपटणाऱ्या प्राण्याला नको, त्याच्या तेलांचा वास आपल्याला छान वाटतो पण त्यांच्या फुप्फुसांना बाधतो. हिरवं कार्पेट दिसायला नीटनेटकं, पण त्याच्या धाग्यांत नखं अडकतात आणि घाण मुरते. नारळाचा भुसा ओलसर हवेतल्या प्राण्यांना चांगला. गेकोच्या कोरड्या टाकीत त्याची धूळ उडते.

तळ कोरडा असला तरी एक ओला कोपरा ठेवाच. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला भोक पाडायचं, कडा घासून घ्यायच्या, आत ओलं मॉस किंवा ओला टॉवेल. कात टाकताना तो तिथे जाऊन बसतो. ही सोय नसली तर बोटांवर कातेची कडी राहतात, रक्त अडतं आणि बोटाची टोकं झडतात. मुरंब्याची दोन अशीच गेली, माझ्या आळसामुळे.

किडे चिमट्याने किंवा गुळगुळीत वाडग्यातून द्या, म्हणजे घासाबरोबर माती जाणार नाही. साधी कॅल्शियम पावडर बाटलीच्या झाकणात वेगळी ठेवा, हवी तेव्हा चाटेल. लेकीने टाकीत हात घातला की दर वेळी साबणाने धुवायचे. साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू दिसायला तब्येतीने उत्तम असलेल्या गेकोच्याही पोटात असू शकतो. आठवडाभर शी नाही आणि खाणंही बंद झालं, पोट फुगलं किंवा पाय ओढायला लागला, तर घरी तेल पाजत बसू नका, एक्झॉटिक (कुत्र्या-मांजरांपलीकडचे) प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याला त्याच दिवशी फोन करा.

महाराष्ट्रातून कुणी हे वाचत असेल तर: आपल्याकडचे घोरपड, तारा कासव वगैरे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, ते घरात ठेवण्याचा विचारही नको. हे सगळं सांगणं इंग्लंडातल्या, बंदिवासात जन्मलेल्या गेकोपुरतं आहे.

तुम्ही आज रात्री एवढंच करा: कागद अंथरा, प्रोबचा थर्मामीटर उबदार बाजूला तळावर दोन तास ठेवा, मग थंड बाजूला. दोन्ही आकडे आणि टाकीखाली मॅट आहे की वर दिवा, ते खाली कॉमेंटमध्ये लिहा. माती की फरशी, ते त्यावरून ठरवू.