ताण वाढला की अंगाला खाज सुटते, कातडीवर मात्र काही दिसत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की खाज मानेला आणि घोट्यांना जास्त येते, रात्री अंथरुणावर पडलं की वाढते, आणि सगळे ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगतात. टेन्शन कुणी हौसेने घेत नाही, त्यामुळे तो सल्ला सोडून द्या.

आधी खरूज नाही ना, हे बघा. बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या आहेत का? घरात आणखी कुणी खाजवतंय का? तसं असेल तर ताणाचा संबंध नाही, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध लावावं लागतं. खाज सहा आठवड्यांच्या वर गेली असेल तर साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड आणि रक्तातलं लोह एकदा तपासून घ्या. वजन उतरत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर थांबूच नका.

हे सगळं ठीक निघालं, तर माझ्या मते ताणाच्या आधी हाताला आवरायचं. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं, कारण दुखणं खाजेला दाबतं. पण नखांनी कातडी सुजते, तिथल्या नसा आणखी हुळहुळ्या होतात आणि खाज परत येते. महिनोन्‌महिने हे चाललं की ती जागा जाड आणि काळपट होते, मग डोक्यावरचा ताण उतरला तरी ती खाजतच राहते. रात्री अंग गरम होतं आणि मन गुंतवायला दुसरं काही नसतं, म्हणून तेव्हा जास्त जाणवते.

पहिला आठवडा खाजवणं थांबवू नका, फक्त मोजा. नामजपासाठी बोटात घालायचा काउंटर मिळतो ना, तो यासाठी झकास. हात गेला की बटण दाबायचं आणि सकाळ, दुपार, रात्र असे आकडे वहीत लिहायचे. फोनवर बोलताना किंवा मीटिंगमध्ये खाज नसतानाही हात जातो, हे पुष्कळांना तेव्हाच उमगतं. दुसऱ्या आठवड्यापासून हात निघाला की मूठ आवळून ३० सेकंद धरा. तरी खाज राहिली तर त्या जागेवर तळवा दाबून ठेवा. चोळायचं नाही, चोळणं हे खाजवण्याचंच भावंड आहे. नखं दर तीन-चार दिवसांनी कापा.

आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत उरका. कढत पाण्याने त्या वेळी सुख वाटतं, पण कातडीतलं तेल निघून जातं आणि तासाभरात खाज दुप्पट. वजरी आणि जंतुनाशक साबण काही दिवस बाजूला ठेवा. अंग टिपून घेतल्यावर तीन मिनिटांच्या आत बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं क्रीम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. लोक याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग ‘क्रीमने फरक पडला नाही’ म्हणतात. डबी फ्रिजमध्ये ठेवली तर लावताना गारव्याने खाज शमते. लिंबू, व्हिनेगर नको. केमिस्टने काढून दिलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब तर मुळीच नको. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं, आणि खाज खरं तर नायट्याची असली तर तो लपूनछपून पसरतो.

सेट्रिझिन हे ॲलर्जीचं औषध अंगावर पित्त उठल्यावर छान लागू पडतं. या खाजेवर मात्र त्याचा उपयोग बराचसा झोप येण्यापुरताच.

आता काळजी. संध्याकाळी एक ठरावीक वेळ नेमा, १५ मिनिटं, घड्याळ लावून. पानाचे दोन भाग करा: उद्या करता येईल ते एकीकडे, हातात नाही ते दुसरीकडे. पहिल्या भागातल्या एका गोष्टीपुढे वेळ लिहा, ‘११ वाजता बँकेला फोन’ अशी. दिवसभरात काळजी डोकावली की एका शब्दात टिपून संध्याकाळवर ढकला. ही वही अंथरुणात उघडली की सगळं फिसकटतं, झोपेच्या दोन तास आधीच मिटवा. रात्री चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. छाती भरभरून श्वास घेतले तर चक्कर येते, हलकेच घ्या.

काळजीने झोप किंवा जेवण तुटलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि तीन आठवड्यांत काउंटरचे आकडे खाली आले नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना ती वही घेऊन जा, तपासणीच्या आदल्या दिवशी क्रीम लावू नका.