टीव्हीवरच्या स्थलांतराच्या चर्चेत समोर बसलेली माणसं नेमकी कोण असतात?

तुम्ही विचारलंय की परप्रांतीय, घुसखोर, निर्वासित अशा विषयांवर टीव्हीवर चर्चा होते तेव्हा प्रेक्षकांत बसलेली माणसं खरंच जनतेचे प्रतिनिधी असतात का, आणि चॅनेल एका बाजूला झुकलंय हे कसं ओळखायचं. बहुतेक लोक हे अँकरच्या आवाजावरून ठरवतात. माझा अनुभव असा, की अँकर तोंड उघडतो त्याच्या दोन दिवस आधी, खुर्च्या भरतानाच, निम्मा निकाल लागलेला असतो. त्या खुर्च्या मी स्वतः भरल्यात, म्हणून उत्तर जरा लांबेल.

मी बीड जिल्ह्यातला. सात-आठ वर्षं एका वृत्तवाहिनीचा तालुक्याचा स्ट्रिंगर होतो. स्ट्रिंगरला पगार नसतो, बातमीमागे पैसे मिळतात; बूम, म्हणजे लोगो लावलेला माइक, चॅनेलचा, गाडी आणि पेट्रोल आपलं. एका नोव्हेंबरात डेस्कवरून फोन आला. "परवा तुमच्याकडं स्थलांतरावर चावडी करायचीय, ओबी पाठवतोय. साठ माणसं बघा. बोलकी पाहिजेत. बायका पुढच्या रांगेत. दोन्हीकडचे चार-चार कार्यकर्ते ठेवा, म्हणजे तापेल."

चावडी म्हणजे गावकऱ्यांना समोर बसवून केलेली चर्चा, ओबी म्हणजे प्रक्षेपणाची गाडी. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं की ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते गावात नाहीतच.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ट्रकमध्ये नाहीतर ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, एखादी शेळी आणि लहान लेकरं भरून सोलापूर, सांगली, कोल्हापूर, कुणी थेट बेळगावकडं. परत येतात गुढीपाडव्याच्या आसपास. मधल्या चार-पाच महिन्यांत तांड्यावर, वस्तीवर म्हातारी माणसं राहतात आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळेची पोरं. २०२४ ची विधानसभा आठवून बघा. मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि तोवर कित्येक टोळ्या जिल्ह्याबाहेर पडल्या होत्या. मतदार यादीत नाव आहे, माणूस उसाच्या फडात आहे.

तर मी साठ माणसं जमवली. खताचे दुकानदार, स्पर्धा परीक्षेची पोरं, संस्थेतले चार शिक्षक, दोन्हीकडचे कार्यकर्ते, पुढच्या रांगेला बचत गटाच्या ताई. सगळी भली माणसं. पण त्यांतल्या एकाच्याही घरात कोयता नव्हता. मला ते टोचत होतं, म्हणून एका तांड्यावरून मी एका आजीला मोटारसायकलवर घेऊन आलो. मुलगा-सून कर्नाटकात होती, नात तिच्याजवळ.

कार्यक्रम पाऊण तासाचा. आजीकडं माइक गेला शेवटच्या ब्रेकनंतर. अँकरनं विचारलं, "आजी, सरकारनं काय केलं पाहिजे?" आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "पोरगी सातवीला हाय. औंदा तिला संगं न्हेली नाही. माझी नदर कमी झाली, रातच्याला तिच्यापाशी कोण हाय?"

अँकरनं मान डोलावली, "म्हणजे शिक्षणाचा प्रश्न", असं म्हणाला, आणि माइक कार्यकर्त्याकडं गेला. पुढची सहा मिनिटं कारखाने कुणाच्या काळात बंद पडले यावर भांडण.

त्या बाईनं अख्खा विषय एका वाक्यात सांगितला होता. शिक्षणाबद्दल ती बोलतच नव्हती. वयात आलेली मुलगी फडावर न्यायची तर तिथल्या कोपीला, म्हणजे पाचटाच्या झोपडीला, दार नसतं, आणि मागं ठेवायची तर सांभाळायला धडधाकट माणूस नसतो. मग सातवी-आठवीतच लग्न उरकून टाकतात. आमच्या जिल्ह्यातल्या बालविवाहांच्या मुळाशी ही भीती आहे, हे इथल्या कुठल्याही अंगणवाडी ताईला विचारा. हंगामी वसतिगृहांची योजना सरकारकडं आहे. ते वसतिगृह त्या तांड्यापासून किती लांब, तिथं मुलींना ठेवतात का, रात्री बाई असते का, हे तीन प्रश्न त्या व्यासपीठावर आमदारांच्या माणसाला विचारता आले असते. कुणी विचारले नाहीत, कारण तो त्रास असलेली ती एकटीच होती. तिच्यासारख्या वीस जणी असत्या तर अँकरला पुढं सरकता आलं नसतं.

त्यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. अँकर चांगला होता. डेस्कला घाई होती, मला साठचा आकडा गाठायचा होता. दोन्ही पक्षांना सारखा वेळ दिला, त्यामुळं कागदोपत्री कार्यक्रम अगदी समतोल. पण समतोल पक्षांचा होता. गेलेले आणि मागं राहिलेले, यांच्यातला नव्हता.

आता उलटी बाजू बघा. मराठवाडा माणसं पाठवतो तसा घेतोही. जालन्यातल्या सळयांच्या कारखान्यांत मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेशची माणसं भट्टीवर उभी असतात. 'परप्रांतीयांमुळं आपल्या पोरांचा रोजगार जातो का' ही चर्चा तुम्ही डझनभर वेळा ऐकली असेल. त्यात भट्टीवरचा एक तरी कामगार खुर्चीत बसलेला पाहिलाय का? मी नाही पाहिला. संध्याकाळी चर्चा रंगते तेव्हा तो शिफ्टमध्ये असतो. सुटीच्या दिवशी बोलावलं तरी ठेकेदाराला कळलं तर काम जाईल, ही धास्ती असते.

८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी, लॉकडाऊनमध्ये मध्य प्रदेशातल्या घरी पायी निघालेली ती माणसं होती. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर पसरलेल्या दिवसभर स्क्रीनवर दिसल्या. चर्चाही झाल्या, 'रुळांवर झोपलेच का' यावर सुद्धा झाल्या. पण जालन्यात त्या वेळी त्यांच्यासारखे जे खोल्यांत अडकून पडले होते, त्यांच्यातला कुणी पॅनेलवर बसून 'आमचा पगार अडकला आहे' किंवा 'पास मिळत नाही' असं दोन मिनिटं सलग बोललेला मला आठवत नाही. हे लिहिताना आजही घशाशी येतं. आमचा ऊसतोड्या बेळगावात त्यांच्याचसारखा बाहेरचा असतो.

प्रेक्षकांनंतर मी पट्टी बघतो, म्हणजे स्क्रीनच्या तळाशी कोणता शब्द चालतोय ते. घुसखोर, निर्वासित, स्थलांतरित, परप्रांतीय हे चार वेगळे शब्द आहेत, त्यांचा अर्थ वेगळा आणि ऐकणाऱ्याच्या मनात उमटणारं चित्रही वेगळं. ३० जुलै २०१८ ला आसामच्या नागरिक नोंदवहीचा (एनआरसी) मसुदा आला, त्यात सुमारे ४० लाख लोकांची नावं नव्हती. दावे-हरकती अजून व्हायच्या होत्या. तरी त्या दिवसांत भाषणांत आणि चर्चांत हे सगळे 'चाळीस लाख घुसखोर' होऊन गेले. ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी लागली तेव्हा बाहेर राहिलेल्यांचा आकडा १९ लाखांवर आला होता. जे वीस लाखांवर लोक मधल्या काळात यादीत आले, त्यांच्यावर वर्षभर चिकटलेला शब्द काढायला कुणी तेवढ्याच आवाजात आलं नाही. बेकायदा स्थलांतराची चिंता खोटी आहे असं मी म्हणत नाही. आसामात १९७९ ते १९८५ एवढं मोठं आंदोलन हवेतून उभं राहिलं नव्हतं. त्या चिंतेलाही खुर्ची मिळाली पाहिजे.

हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. बीबीसीचा 'क्वेश्चन टाइम' हा प्रेक्षकांनी पुढाऱ्यांना प्रश्न विचारायचा कार्यक्रम १९७९ पासून चालतो. त्याच्या प्रेक्षकांत बसायला अर्ज भरावा लागतो, त्यात राजकीय कल विचारतात आणि त्यावरून सभागृहाचा तोल सांभाळतात. एवढी काळजी घेऊनही २०१३ मध्ये स्टुअर्ट प्रेबल यांनी बीबीसी ट्रस्ट या तेव्हाच्या देखरेख मंडळासाठी केलेल्या अहवालात म्हटलं होतं की स्थलांतराबद्दल सामान्य लोकांच्या मनात असलेली काळजी ओळखायला बीबीसीला उशीर झाला, आणि चर्चेचा अजेंडा राजकारण्यांच्या बोलण्यावर फार बेतलेला असतो. म्हणजे तिथं चूक आपल्या नेहमीच्या चुकीच्या उलट दिशेनं झाली होती, कारण मात्र ओळखीचं: माइक पुढाऱ्यांच्या हातात. आणि पक्षानुसार तोल साधला की ज्याला तिथं मतच नाही, असा आश्रय मागणारा माणूस कुठल्याच पारड्यात बसत नाही.

घरी बसून बघणाऱ्यांचंही तेच. टीआरपी मोजायचं मीटर देशभरात मोजक्याच निवडक घरांत असतं, आणि त्यासाठी घर लागतं. पाच महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत राहणारं कुटुंब त्या मोजणीत येणार कसं? मग त्यांना पाहावासा वाटेल असा कार्यक्रम बनवायचं कारणही डेस्ककडं उरत नाही.

ओळखायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. मी आता असं बघतो: ज्यांच्याबद्दल बोलतायत त्यांच्यातला एक तरी समोर आहे का, असेल तर त्याला पहिला प्रश्न मिळाला की शेवटचा, आणि तो बोलल्यावर अँकरनं त्याच्याच वाक्यावर पुढचा प्रश्न केला की त्याचं बोलणं 'म्हणजे शिक्षणाचा प्रश्न' असं गुंडाळून टाकलं. या तिसऱ्या खुणेनं मला कधी फसवलेलं नाही.

फारच उघड अन्याय दिसला तर तक्रार करा. आधी चॅनेलकडं, प्रसारणानंतर सात दिवसांच्या आत, लेखी. उत्तर पटलं नाही तर एनबीडीएसए या वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडं जाता येतं. चॅनेल तिच्या सदस्यांत असलं पाहिजे. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि खटकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, क्लिप जपून ठेवा. 'तुम्ही पक्षपाती आहात' एवढ्यानं कुणी हलत नाही.

आणि तुमच्या शहरात असा कार्यक्रम ठरत असेल, तिथल्या स्ट्रिंगरची ओळख असेल, तर त्याला माझ्या वतीनं सांगा: माणसं गोळा करायला बाजारपेठेत जाऊ नको, कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटताना जा. रेकॉर्डिंग साप्ताहिक सुटीला ठेव. चेहरा दाखवायचा नसेल तर पाठमोरं बसव, पण बसव. आणि ऊसतोडीवर चावडी करायची असेल तर ती पाडव्यानंतर करा, नाहीतर जानेवारीत ओबी व्हॅन सरळ फडावर न्या. रात्री आठनंतर सगळे कोपीवर भेटतात, चुली पेटलेल्या असतात.