सोलापुरात न्यूरोडायव्हर्जंट कलाकार-अभ्यासकांचा गट कसा जमवायचा?

एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं), ऑटिझम, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेल्या, म्हणजे मेंदू जरा वेगळ्या पद्धतीने चालणाऱ्या चित्रकार-संशोधकांचा आधारगट इथे सुरू करायचा तर पहिलं पाऊल कोणतं, असं तुम्ही विचारलंय. आमचा सहा जणांचा गट पूर्व भागात भरतो, त्या अनुभवावरून सांगते. पहिल्या दिवशी 'आधार' हा शब्दसुद्धा काढू नका. नुसते कामाला बसा.

आम्ही उलटं केलं होतं. हॉल घेतला, खुर्च्या गोल मांडल्या, एकेकाने ओळख आणि मग मनोगत. वर एक ट्यूब फडफडत होती. एक मुलगा आपली पाळी यायच्या आत चप्पल घालून निघून गेला, तो पुन्हा आलाच नाही. चूक आमचीच.

आता माझ्या मामांच्या बंद पडलेल्या यंत्रमाग शेडच्या माळ्यावर रविवारी ९ ते १२ बसतो (उन्हाळ्यात ७ ते १०, पत्र्याखाली त्यानंतर कोण टिकणार!). नान्नजच्या माळावरच्या गवतांवर माझा प्रबंध आहे. घरी एकटी असले की फाइलच उघडत नाही. शेजारी कुणी गप आपलं काम करत असेल तर दोन तास सलग लिहिते. एडीएचडीवाले याला बॉडी डबलिंग म्हणतात. आई म्हणते, "गप बसायला एवढ्या लांब जाती व्हय गं?"

शेडमध्ये टॉवेलच्या रंगीत चिंध्या पडलेल्या असतात, त्या मनगटाला बांधतो. लाल म्हणजे बोलायला येऊ नका. पिवळी म्हणजे ओळखीच्यांनीच यावं. हिरवी म्हणजे या, मला सुरुवात करता येत नाही. ही कल्पना आमची नव्हे. ऑटिस्टिक लोकांनीच चालवलेल्या ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल या संस्थेने अशा रंगांचे बिल्ले आधी काढले. चिंध्या तेवढ्या सोलापूरच्या.

पण सगळे न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे आपोआप जमेल, असं समजू नका. शेजारच्या शेडमधले माग चालू असले की आमचा ऑटिस्टिक चित्रकार त्या एकसुरी खटखटीत छान रमतो. माझ्या पेनाची टकटक मात्र त्याच्या डोक्यात जाते, आणि हात हलता नसेल तर माझं डोकं चालत नाही. दोन महिने कुरबुर झाली. ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, असं स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं. मला ते पटतं, पण पेनाचं भांडण समजूतदारपणाने मिटलं नाही. मी जिन्यात बसायला लागले, तेव्हा मिटलं.

कुणाकडे प्रमाणपत्र मागू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो). एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणजे कागद दाखवून आत घ्यायचं ठरवलं असतं तर मीच बाहेर राहिले असते. शिवाय मोठेपणी निदान करून घ्यायचं म्हणजे आमच्यातल्या दोघांना पुण्याच्या खेपा माराव्या लागल्या.

दोघं मिळाले तरी सुरू करा. निरोप मात्र नीट लिहा. 'बघू, जमलं तर या' असं लिहिलंत तर आमच्यासारखी माणसं दारापर्यंत येऊन परत जातात. जिना कुठून, चपला कुठे काढायच्या, किती जण असतील, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत तो रविवार बंद आहे का, हे सगळं लिहा. आणि मधेच निघून जाता येतं, कारण सांगावं लागत नाही, हेही.