पुदिना सोडा, पानओवा लावा

प्रश्न : फाटकापासून पायरीपर्यंत दहा बाय बाराची मोकळी जागा आहे, सगळी काळी माती. नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे लॉनचा विचार सोडला. वास येईल, पसरेलही म्हणून पुदिना लावला होता, एप्रिलमध्ये करपला. दुसरं काही सुचवाल का?
– एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पुदिन्याची मुळं वरवरची, त्याला कायम ओल लागते. मोरीच्या तोंडाशी तो माजतो. आपल्या ४२ अंशांत उघड्यावर तग धरणार नाही. त्याच्याच कुळातला पानओवा लावा. (तुळसही त्याच कुळातली. डब्यातला ओवा मात्र कोथिंबिरीच्या घरचा, याच्याशी नातं फक्त वासाचं.) पानओव्याची जाड, लवदार पानं पाणी धरून ठेवतात. एकदा रुजला की आठवडाभर पाणी चुकलं तरी कुरकुरत नाही.

तुमची खरी अडचण काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी सोडत नाही. पानओवा उन्हापेक्षा तुंबलेल्या पाण्यानं जास्त मरतो, आणि आपला जोराचा पाऊस बहुतेक सप्टेंबरात येतो. म्हणून वीतभर उंच वाफा करा. निम्मी माती, निम्म्यात मुरूम आणि जाडी वाळू, वर मूठ-दोन मूठ शेणखत. युरिया नको.

नर्सरीत पैसे घालवू नका, गल्लीत कुणाकडे तरी हा असतोच. मृगाचा पाऊस पडला की वीतभर फांद्या आणा, खालची पानं काढा, दिवसभर सावलीत ठेवून चीर सुकू द्या आणि फूटभर अंतरानं खोचा. जमिनीला टेकलेल्या पेऱ्यांना मुळं फुटतात. शेंडे खुडत राहा, नाहीतर तो पसरायचं सोडून उंच वाढतो. खुडलेल्या पानांची भजी करा. सोबत शेंगाचटणी असली की सॉसची बाटली कुणी उघडत नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर कडुलिंबाची किंवा भिंतीची सावली मिळाली तर उत्तम, नाहीतर पानं पिवळट होऊन आखडतात. पायाखाली तो चालत नाही, खोड मटकन मोडतं. येण्याजाण्याच्या वाटेवर शहाबादीचे तुकडे टाका आणि मधल्या फटी त्याच्यावर सोडा. दोन-तीन वर्षांनी जुनी खोडं लाकडी होऊन मधोमध टक्कल पडतं, तेव्हा तिथं नव्या फांद्या खोचा.