बेळगाव-निपाणी रोज कारने ये-जा आहे. पेट्रोलचा खर्च कमी कसा करावा?

सगळ्यात आधी वेग उतरवा. हायवे मोकळा दिसला की काटा शंभरच्या पुढे जातो आणि पेट्रोल तिथंच उडतं, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. टॉप गिअरमध्ये ताशी ७५-८० किमी धरून एकसारखी चालवा. निपाणीला चार-पाच मिनिटं नव्हे, पंधराएक मिनिटं उशीर होईल, हे मान्य. पण एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही.

वंटमुरी घाट उतरताना बरेच जण गाडी न्यूट्रल करतात. कृपा करून हे करू नका! आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला पेट्रोल जाणं जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो.

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, पंपवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. घरी पोहोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, ब्रेकच्या डिस्कला (चाकाआतल्या धातूच्या चकतीला) मात्र लावू नका. पुढच्या दोन चाकांपैकी एकच जास्त तापलं असेल तर ब्रेक पूर्ण न सुटता धरतोय आणि पेट्रोल जास्त खातोय, मेकॅनिकला दाखवा.

महागडं प्रीमियम पेट्रोल मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर नको. आणि कोल्हापूरला गेलात तर टाकी सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडेच, कर्नाटकात भरून घ्या. दरात फरक असतो.