ताई, मोबाईल काढून घेऊन हे सुटणार नाही

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं मोठं पत्र आलंय, नाव-गाव काढून थोडक्यात सांगते. मुलगा रत्नागिरी जिल्ह्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला, हॉस्टेलवर राहतो. गणपतीची सुट्टी संपून पोरं परत गेली आणि लगेच पुतण्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रील टाकली, खाली हसणाऱ्या इमोजी. हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये फर्स्ट इयरचा एक मुलगा टॉवेल गुंडाळून, डोक्यावर बादली उपडी घालून आपली गणपतीतली जाखडी नाचतोय, बाजूला पोरं शिट्ट्या मारतायत आणि कॅमेऱ्यामागून आवाज येतो, 'ए, हसलास तू, परत कर पहिल्यापासून.' तो आवाज ताईंच्या मुलाचा. बाबा म्हणतात मोबाईल काढून घ्या, या रीलांनीच वाट लावलीय. मामा म्हणतो, 'पोरांच ती, मस्ती करतलीच.' मुलाला फोन केला तर म्हणतो, 'आई गंमत होती, तोपण हसत होता.' ताई विचारतात, सिनेमे आणि रील बघून पोरगा असा झाला की आमचंच काही चुकलं? आणि कॉलेजला सांगितलं तर त्याचं वर्ष जाईल, मग गप्प बसू का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते. गप्प बसू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

'तोपण हसत होता' हे वाक्य मी पत्रात परत परत वाचलं. बादलीच्या आत तो पोरगा घाबरून हसला असेल, लाजेने हसला असेल, माणूस हसतोच अशा वेळी, आणि त्या हसण्याबद्दल तुमच्या मुलाने त्याला शिक्षा दिली, परत कर म्हणून. आता तेच हसणं तो तुम्हाला पुरावा म्हणून दाखवतोय की बघ त्यालाही मजा येत होती. हे त्याच्यासमोर जसंच्या तसं मांडा, ओरडू नका, फक्त विचारा की हसला म्हणून परत नाचवलंस ना, मग हसणं म्हणजे त्याची हो होती असं कसं धरलंस?

आणि तुम्ही बघितली ती वीस-तीस सेकंदं. 'पहिल्यापासून कर' म्हणजे त्याआधी एकदा तरी झालं होतं आणि नंतरही झालं असणार. पूर्वी हॉस्टेलात रॅगिंग व्हायचं तेव्हा रूमचं दार लावून व्हायचं, वाईटच होतं ते, पण सिनियर कंटाळले की थांबायचे. आता रील चांगली येईपर्यंत थांबत नाहीत. लाईट बरोबर नाही, कोणीतरी मध्ये आला, टॉवेल नीट दिसला नाही, परत घे. इथे मीडियाचा हात आहे आणि तो मोठा आहे, तुमच्या घरच्यांचं तेवढं बरोबर आहे. कॅमेरा नुसता बघत नाही हो, तो त्या पोराला अजून एकदा नाचायला लावतो.

सिनेमाचं पण आहेच. कितीतरी हिंदी सिनेमांत हॉस्टेलची पहिली रात्र म्हणजे कपडे काढायला लावणं, गाणी म्हणायला लावणं, मागे धमाल म्युझिक, तीन-चार मिनिटांत सीन संपतो आणि ज्याचं रॅगिंग झालं तोच पुढे हीरो होतो किंवा त्या सिनियरांचा जिगरी दोस्त होतो. दुसरी रात्र कोणी दाखवत नाही. जो पोरगा चौथ्या दिवशी मेसमध्ये जायचं टाळतो, सिनियर झोपल्यावर आंघोळीला जातो, घरी फोनवर 'सगळं मस्त चाललंय' सांगतो, त्याच्यावर सीन लिहिला जात नाही. मग एफवायला आलेल्या पोराला वाटतं हे सहन करणं म्हणजे कॉलेजात ॲडमिशन झाल्याची पावती, आणि एसवायच्या पोराला वाटतं आता आपला नंबर.

पण ताई, मला बातम्यांबद्दल जास्त बोलायचंय, कारण ते कोणी बोलत नाही. रॅगिंगची बातमी मोठी कधी होते? कोणी मेलं की. २००९ मध्ये हिमाचलमधल्या टांडाच्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू सिनियरांच्या मारहाणीत गेला, देश हादरला, त्याच वर्षी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, रॅगिंगविरोधी नियम आले. २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये फर्स्ट इयरचा मुलगा गेला, परत महिनाभर चॅनेलवर तेच. हे दाखवायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण मरण सोडून बाकी काही दाखवलंच नाही की पोरांच्या डोक्यात माप तिथून सुरू होतं. आम्ही काय मारलं थोडंच, आम्ही काय कोणाला गच्चीवर नेलं? बादली तर घातली, नाचायला तर लावलं. तुमचा मुलगा 'गंमत होती' खोटं म्हणत नसेल, त्याला खरंच तसं वाटत असेल, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

कायद्यात मात्र ते माप वेगळं आहे. आपल्या महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा, त्यात नुसता मार नाही, ज्याने विद्यार्थ्याला भीती, लाज, संकोच वाटेल असं वागणंही रॅगिंग आहे, चेष्टा-मस्करी आहे, आणि जी गोष्ट तो एरवी स्वखुशीने करणार नाही ती करायला लावणंही आहे. करणारा, भाग घेणारा, मदत करणारा आणि पसरवणारा, सगळे त्यात येतात. म्हणजे 'मी फक्त शूट केलं' ही पळवाट नाही. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि दोषी ठरला तर कॉलेजातून काढतात, पाच वर्षं दुसरीकडे ॲडमिशन नाही. २०२५ मध्ये यूजीसीने हेही सांगितलं की सिनियरांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून ज्युनियरांना छळलं तर तेही रॅगिंगच. ॲडमिशनच्या वेळी रॅगिंग करणार नाही असं प्रतिज्ञापत्र मुलाने आणि तुम्ही दोघांनी भरून दिलेलं असणार, कागदांच्या ढिगात सह्या झाल्या असतील, ते काढून वाचा, त्याला पण वाचायला लावा.

आता 'आमचं काय चुकलं' बद्दल. त्याच हॉस्टेलात तेच सिनेमे, त्याच रील बघणारी किती पोरं असतील जी त्या पॅसेजमध्ये नव्हती किंवा रूममध्ये निघून गेली. तेव्हा सगळं मोबाईलवर ढकलून चालणार नाही. पण तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलायत, गेल्या वर्षी दिवाळीला आला तेव्हा डोक्याचे केस अगदी बारीक कापून आला होता, विचारलं तर उकाडा म्हणाला, आणि सुट्टीभर गप्प होता. ताई, दिवाळीत? केस बारीक करायला लावणं, मिशी काढायला लावणं, सिनियर समोर आला की आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटनाकडे बघत उभं राहणं, हे हॉस्टेलांमधले जुनेच प्रकार आहेत. मी म्हणत नाही की तसंच झालं असेल, पण विचारा. गेल्या वर्षी तुला काय काय करायला लावलं होतं, कोणी लावलं होतं, ते पण शूट केलं होतं का. त्याच्यावर झालं म्हणून त्याने केलं ते माफ होत नाही, पण कोणीतरी त्याला विचारायला पाहिजे होतं ते अजून राहिलंय.

फोनवर हे बोलू नका. तुम्ही आणि त्याचे बाबा, दोघं जा, शनिवार-रविवार बघून एसटी धरा. रील ज्याच्या अकाउंटवर आहे तिथून उतरवायला लावा, त्या पोराची दर तासाला बदनामी होतेय. पण ओरिजिनल व्हिडिओ किंवा फोन कोणी नष्ट करायचा नाही, चौकशीला लागेल, आणि त्याने डिलीट केलं तर ते अजून अंगाशी येईल. मग त्याला घेऊन रेक्टरकडे आणि प्रिन्सिपलांकडे जा. बोलायचं त्याने, काय केलं, बाजूला कोण होते, आधी किती वेळा झालं. तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करणं कॉलेजच्या प्रमुखावर कायद्याने बंधनकारक आहे. बाहेर बोलू नका, कॉलेजचं नाव खराब होईल, असं कोणी तुम्हाला समजावायला लागलं तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पुतण्याला सांगून घरच्या ग्रुपवरूनही ते काढा. तिथे कोण कोण हसलं ते तुम्ही बघितलंयत, आणि त्यात मोठी माणसं पण असतील तर त्यांना पण सांगा.

एक गोष्ट अजिबात करू नका. त्या ज्युनियरच्या घरी जाऊ नका, त्याच्या आईला फोन करू नका. आपल्याकडे लगेच ओळख निघते, कोणाचा तरी मेव्हणा त्यांच्या वाडीतला असतो, मग दोन माणसं जातात, चहा होतो, 'पोरांचं आहे, मिटवून टाकूया' होतं, आणि त्या घरातल्या माणसांना नाही म्हणता येत नाही. माफी मागायची असेल तर कॉलेजमार्फत, आणि त्या पोराला ती ऐकायचीच नसेल तर नाही. तुम्ही लिहिलंय तो संगमेश्वरकडचा आहे म्हणे. त्याच्या गावात गौरी-गणपतीला जाखडी नाचतात ती घरात, अंगणात, पायात चाळ बांधून, आणि तो नुकताच ते करून हॉस्टेलवर आला असणार. तेच त्याला बादली घालून करायला लावलं. तुमच्या मुलाला हे कळतंय का ते बघा, कारण त्याच्याही घरी गणपती येतो.

आणि त्या पोराला कॉलेजने रॅगिंगची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ आणि मन मोकळं करायला टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा, १४४१६ दिलाय का, हे प्रिन्सिपलांना तुम्ही स्वतः विचारा. दोन्ही फुकट आहेत, रात्री पण चालतात. टेलिमानस तुमच्या मुलाला पण लागेल.

त्याचं वर्ष जाईल का? जाऊ शकतं, सस्पेंड होऊ शकतो, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. स्वतःहून जाऊन सांगितलं हे चौकशीत बघतील अशी आशा आहे, हमी नाही. वर्ष गेलं तर तो घरी बसेल, बाबांबरोबर कलमांना पाणी घालेल, पुढच्या वर्षी परत बसेल. तुम्ही खर्चाचं पण लिहिलंयत, ते मला कळतं, आंब्याच्या पैशांवर हॉस्टेलची फी भरणाऱ्या घराला एक वर्ष म्हणजे काय ते. तरी पण जा. आणि निघायच्या आधी मामाला सांगून जा की तुम्ही चाललात, म्हणजे तो मागून मुलाला फोन करून 'काय होत नाय' सांगणार नाही.